बन्यन की हर्नार्ड: आधी कोणाचे पुस्तक घ्यावे?

विश्वासाच्या वाटचालीवरची रूपककथा वाचायची म्हटले की दोन इंग्रजी पुस्तकांची नावे पुढे येतात: जॉन बन्यनचे ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ (१६७८) आणि हॅना हर्नार्डचे ‘हाइन्ड्स फीट ऑन हाय प्लेसेस’ (१९५५).

बन्यन फिरता कल्हईवाला. परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून त्याने बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढली, आणि पुस्तकात ते जाणवते. नायक ख्रिश्चन आणि त्याचा सोबती होपफुल वाट चुकून डाउटिंग कॅसलच्या, म्हणजे संशयाच्या किल्ल्याच्या, कोठडीत पडतात. तिथला राक्षस जायंट डिस्पेअर, म्हणजे निराशा, त्यांना बडवतो, वर ‘जीव द्या’ म्हणून सांगतो. दोघे रात्रभर प्रार्थना करतात आणि पहाटे ख्रिश्चनला आठवते की किल्ली आपल्या छातीशीच आहे. तिचे नाव प्रॉमिस, म्हणजे देवाचे वचन. कुलपे उघडतात, पण बाहेरच्या लोखंडी दाराचे मात्र महाकठीण जाते. निराशा भोगलेल्यालाच हे सुचावे! अडचण एवढीच की मधली धर्मसिद्धान्तावरची संभाषणे लांबतात आणि भाषा जुनी आहे. मराठीत हरी केशवजींनी १८४१ मध्येच ते ‘यात्रिकक्रमण’ म्हणून आणले, पण ती मराठीही आज जड जाते.

हर्नार्डची नायिका मच-अफ्रेड पायाने अधू, तोंडाने वाकडी आणि नावाप्रमाणे भित्री. मेंढपाळ तिला उंच शिखरांवर न्यायचे वचन देतो, पण सोबतीला देतो दुःख आणि यातना या दोन बहिणी. वाट शिखराकडे पाठ फिरवून थेट वाळवंटात उतरते, तिथे ती रडते. आजारपणात, शोकात असलेल्याने हेच आधी वाचावे. भाषा सोपी, बायबलमधल्या गीतरत्नातल्या ओळी जागोजागी. मात्र सगळे तिच्या एकटीच्या मनात घडते; मंडळी (चर्च), सहविश्वासी जवळपास नाहीतच. हर्नार्डचे पुढचे लेखन रूढ ख्रिस्ती शिकवणीपासून बरेच दूर गेले, म्हणून तिची नंतरची पुस्तके पारखून घ्यावीत.

एकच घ्यायचे असेल तर मी बन्यन सुचवेन, पण १६८४ च्या दुसऱ्या भागासकट. बरेच जण पहिल्या भागावरच थांबतात. दुसऱ्यात ख्रिश्चनची बायको ख्रिस्टियाना मुलाबाळांसह निघते, वाटाड्या ग्रेट-हार्ट लंगड्या-भित्र्यांना सांभाळत चालतो, आणि त्याच डाउटिंग कॅसलमधून एक मुलगी सुटते. तिचेही नाव मच-अफ्रेड. इथे ती एकटी नाही, बाप आणि सगळा जथा तिच्याबरोबर आहे. भित्र्या वाचकाला मी आधी हा भाग देईन.