बिडाचा कॅसरोल, सात महिने वापरून

"कॅसरोल घेतलाय" म्हटल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "पोळ्यांचे डबे काय कमी आहेत घरात?" आपल्याकडे कॅसरोल म्हणजे गरम पोळ्यांचा डबा, म्हणून आधीच सांगते: हा बिडाचा, एनॅमल चढवलेला, जड झाकणाचा, गॅसवरून थेट ओव्हनमध्ये जाऊ शकणारा. २४ सेंमी, सव्वाचार लिटर, झाकणासकट पाचेक किलो.

मन २८ सेंमीवर होतं. पण बीड तापतं सावकाश आणि उष्णता पसरवतं त्याहून सावकाश. आमच्या बेताच्या बर्नरवर एवढ्या रुंद भांड्यात मधला कांदा करपला असता आणि कडेचा कच्चा राहिला असता. चार माणसांना २४ पुरतो. मोठी आच कधीच नाही. तेल घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं तापू द्यायचं.

पैसे वसूल झाले ते मटणावर. आई पातेल्यावर ताट ठेवून त्यात पाणी ओतायची, तेच काम इथे झाकण करतं. वाफ झाकणाला लागते आणि थेंबाथेंबानं परत खाली येते. हे माहीत नसल्यानं पहिल्या खेपेला उघड्या पातेल्याच्या अंदाजानं पाणी घातलं आणि पाणचट कालवण झालं. आता किलोभर मटणाला जेमतेम वाटीभर गरम पाणी, सगळ्यात लहान बर्नर, दोन तास. मटण हाडाला सोडतं तरी फोड शाबूत राहते. घाई असेल तेव्हा अर्थात कुकरच. नुसत्या बिडाच्या कढईत चिंचेची आमटी काळी पडते. एनॅमल म्हणजे काचच, त्यामुळे आमसूल, टोमॅटो बिनधास्त घालते.

ओव्हनचं मात्र फसलं. भांडं २४ चं, पण कानांसकट ३१ सेंमी, आणि झाकणाची मूठ माझ्या छोट्या ओटीजीच्या वरच्या कॉइलला टेकते. घेण्याआधी कानापासून कानापर्यंत आणि मुठीसकट उंची मोजा. मूठ प्लास्टिकची असेल तर किती अंश सोसते तेही बघा. पावाला २३० लागतात. माझा पाव अजून शेजारच्या काकूंच्या ओव्हनमध्येच भाजला जातो.

चौथ्या महिन्यात झाकण ओट्यावर आदळलं आणि काठाचा कणीएवढा टवका उडाला. विक्रेत्याकडून उत्तर आलं, आदळल्याचं वॉरंटीत धरत नाही. टवका बाहेरच्या काठाला आहे, म्हणून पुसून तेलाचं बोट फिरवते, गंज धरत नाही. आत उडाला असता तर वापरणं बंदच केलं असतं, काचेचा कण जेवणात नको. तारेची घासणी आणि गरम भांड्यावर गार पाणी, दोन्ही वर्ज्य. हळदीचा पिवळेपणा खायचा सोडा घालून दहा मिनिटं पाणी उकळलं की बराच जातो.

आमच्या मावशी हे भांडं घासायला हात लावत नाहीत, आणि मनगट धरल्यावर त्यांचं म्हणणं पटलं. रश्श्यासकट आठ किलो होतं ते. त्यामुळे टेबलावर मांडायची हौस फिटली. आता ताटंच ओट्यापाशी येतात.