सील्ड बॉक्स सेटच्या नादात २६ हजार गेले

लिहायला लाज वाटतेय पण लिहिते, कारण मला फसवणारा हा माणूस अजून दुसऱ्या नावाने रेकॉर्ड्स विकतोय असं कळलं.

शाडे ही ब्रिटिश गायिका, तिला ऐकणाऱ्यांना सांगायला नको, 'धिस फार' नावाचा तिचा बॉक्स सेट २०२० मध्ये आला. १९८४ च्या 'डायमंड लाइफ'पासून २०१० च्या 'सोल्जर ऑफ लव्ह'पर्यंत सहाही स्टुडिओ अल्बम, जाड १८० ग्रॅम व्हिनाइल रेकॉर्ड्सवर, लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत हाफ-स्पीड मास्टरिंग केलेले. म्हणजे मूळ तबकडी कोरताना सगळं निम्म्या वेगाने चालवतात, त्यामुळे बारीक आवाज जास्त स्वच्छ कोरले जातात. पांढराशुभ्र बॉक्स. (नाव शाडे, पण लिहितात Sade, आमच्या आईने कव्हर वाचून "हे सडे कोण?" विचारलं होतं.) कॉलेजात १९९४ ची 'बेस्ट ऑफ'ची कॅसेट झिजवलेली मी, तेव्हापासून ही बाई डोक्यात आहे, त्यामुळे सोशल मीडियावर एकाने "सील्ड, २६ हजार" टाकल्यावर माझी अक्कल गहाण पडली.

फोटो मागितले तर आले, पण सगळे लांबून. आतल्या रेकॉर्डच्या रनआउटवरचा, म्हणजे लेबलच्या बाजूच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला नंबर दाखवा म्हटलं, तर "ताई, सील्ड आहे, उघडलं तर व्हॅल्यू जाईल ना". पटलं मला. यूपीआयने पूर्ण पैसे आगाऊ पाठवले, तेही एकदम, कारण म्हणे अजून दोघं लाइनीत होते.

चार दिवसात पार्सल आलं हो! म्हणूनच तर संशय आला नाही. मी शहाणी, किचनच्या काट्यावर वजनही करून बघितलं, दोन किलोच्या वर भरलं, एवढ्या रेकॉर्ड्स म्हणजे बरोबरच की. एक गोष्ट तेव्हाच खटकली होती, प्लास्टिक कोरं करकरीत आणि त्याच्या आत बॉक्सचा कोपरा घासलेला. प्लास्टिक धड असताना आतला कोपरा कसा घासेल, म्हणजे कुणीतरी नंतर गुंडाळलंय, एवढं साधं. पण मी म्हटलं कुरियरवाल्याने आपटलं असेल.

आणि उघडलाच नाही. टर्नटेबलची सुई बदलायची होती, ती यायला दीड महिना, तोवर बॉक्स कपाटावर देवासारखा, आल्यागेल्याला दाखवायचा. सुई आली त्या रविवारी नवऱ्याला मोबाईल धरायला लावून प्लास्टिक कापलं. बॉक्स खरा होता. आत सहा कव्हरंपण खरी. कव्हरांमध्ये भंगारातल्या रेकॉर्ड्स, कीर्तन, कुठल्यातरी भाषेतली भाषणं, एक तर मधोमध तडकलेली. आणि सहा नाही, आठ! जुन्या रेकॉर्ड्स पातळ असतात ना, वजन जुळायला दोन जास्त घातलेल्या. हिशोब मात्र पक्का बाबाचा.

फोन बंद, अकाउंट गायब. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रारही नोंदवली, पण तिथे लगेच कळवलं तर समोरच्या खात्यातले पैसे अडवता येतात, दीड महिन्यानंतर काय अडवणार. त्यामुळे सील्ड असो नाहीतर सोन्याचा असो, पार्सल दारात आल्या आल्या उघडा, एकही कट न मारता व्हिडिओ काढत, आणि व्हॅल्यू गेली तर जाऊ दे. घासलेला कोपरा दिसला की त्याच दिवशी भांडा. पैसे आगाऊ द्यायचेच नाहीत, पुण्या-मुंबईत असेल तर समोर जाऊन वाजवून घ्यायचा.

रिकामा बॉक्स कव्हरांसकट पडलाय म्हणून परवा सहज विचारलं कुणाला हवाय का, तर तासाभरात एकाचा मेसेज, सहा हजार देतो. म्हटलं नुसत्या बॉक्सचं काय करणार तुम्ही? वाचलं त्याने, उत्तर काही आलं नाही.