बांबूची टोपली आणि विणकामाचा वर्ग (नाशिक): पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

टोपली केवढी आहे, कांदे किती मावतात, वर्गात काय काय करून घेतात, हे घेणाऱ्यांनी आधीच विचारलेलं असतं. ते पुन्हा सांगत बसत नाही. मला टोपलीतून गळणाऱ्या पिठीबद्दल बोलायचं आहे.

कॉलेज रोडच्या एका सजावटीच्या दुकानाने शनिवार-रविवारी बांबूकामाचा वर्ग ठेवला होता. फी १,८०० रुपये, त्यात सामान आणि दुकानातली एक तयार टोपली ‘भेट’. अशी भेट फीमध्येच धरलेली असते, हे काय सांगायला हवं? गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात तेवढीच टोपली दीडशेला मिळते, घासाघीस केली तर त्याहून कमी. तरीही नाव नोंदवलं, कारण शिकवायला पंचवटीकडच्या एक बुरूड मावशी येणार होत्या. दुकानवाल्यांचं काम खुर्च्या मांडण्यापुरतं.

उन्हाळाभर टोपलीत कांदे होते. हवा खेळती राहते, कांदा सडत नाही, एकदम बेस्ट. पाऊस सुरू झाला आणि रोज सकाळी ओट्याखाली पिवळसर पिठी दिसायला लागली. पुसावी, की दुसऱ्या दिवशी परत हजर. आमच्या ह्यांनी कणकेच्या डब्यावर संशय घेतला, मग कामवाल्या ताईंवर. शेवटी टोपली उचलून वर्तमानपत्रावर आपटली, तर चमचाभर पिठी खाली आणि कामट्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मी कागद बदलून तीनतीनदा आपटून पाहिलं. घरचे म्हणाले, फेकून दे. दीडशेची वस्तू असती तर फेकली असती, पण ही १,८००ची होती.

दुकानात फोन केला. “मॅडम, नॅचरल प्रॉडक्ट आहे, होतं असं. वार्निश मारून घ्या.” विकताना नॅचरल म्हणून भाव चढा आणि तक्रार केली की नॅचरल म्हणून हात वर! बदलून मिळणार नाही, पैसे परत नाहीत, वरून पुढच्या वर्गाला दहा टक्के सूट देऊ म्हणाले. त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर पाचपैकी एक तारा दिला असता, तोही कांदे सडले नाहीत म्हणून.

मग टोपली घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी ती उलटी केली, बूड पाहिलं आणि म्हणाल्या, “ताई, ही माझ्या हातची नाय. वेळू पावसातला हाये. अन् सगळं पोटातलं लावलंय, पाठ कुठंच नाय.”

इथून माझं मत बदलायला लागलं. बांबूची पाठ, म्हणजे वरची सालीकडची पट्टी, कठीण आणि चिवट असते. पोटात, म्हणजे आतल्या पांढऱ्या भागात पिष्ट जास्त, आणि भुंग्याला तेच हवं असतं. कोवळ्या किंवा पावसात तोडलेल्या बांबूला कीड लवकर लागते. म्हणून जाणकार तीन वर्षं झालेला बांबू पाऊस सरल्यावर, थंडीत तोडतात. सोय असेल तर तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे त्यातलं पिष्ट कमी होतं. हे काहीच न करता आतल्या स्वस्त पट्ट्यांची टोपली विणली की ती दिसते छान, आणि पहिल्या पावसाळ्यात पिठी गाळते. वार्निश वरून बसतं, अळी आत असते. दुकानाचा सल्ला म्हणजे चोर घरात ठेवून दाराला कुलूप.

मावशींचा उपाय असा: टोपलीवर आतून-बाहेरून उकळतं पाणी ओतायचं आणि कडक उन्हात पूर्ण वाळवायची. मग बोरिक पावडर आणि टाकणखार पाण्यात विरघळवून त्यात बुडवायची. मात्र तांदूळ धुवायच्या रोवळीला हे लावायचं नाही, तिला गरम पाणी आणि ऊन पुरे. ऊन पडायची वाट पाहावी लागली, पण तेव्हापासून पिठी बंद आहे. मी अजूनही आपटून बघते. त्यांनी एक पैसा घेतला नाही. विकणाऱ्याने झटकलं आणि शिकवणारीने निस्तरलं.

आता वर्गाबद्दल, कारण १,८००चा हिशेब तिथे बराचसा फिटला. मावशी फार बोलत नाहीत. माझ्या शेजारच्या इंजिनिअर मुलाने १६ उभ्या कामट्या धरल्या होत्या. त्यांनी पाहिलं, पण दोन फेऱ्या विणू दिल्या. कामट्या सम असल्या की दुसऱ्या फेरीत पट्टी पुन्हा त्याच कामट्यांवरून जाते, वीण बसतच नाही. तो घामाघूम झाल्यावर त्यांनी एक कामटी मधोमध चिरली. झाल्या १७. हे त्याच्या जन्मभर लक्षात राहील. पट्ट्या ओल्या ठेवणं, काठ बांधताना ताण कुठे द्यायचा, सुपाला कागदाचा लगदा आणि मेथी लावून फटी कशा बुजवायच्या, सगळं दाखवलं. हातचं काही राखलं नाही. मी म्हटलं, अहो, असं सगळं शिकवलंत तर गिऱ्हाईक जाईल. त्या हसल्या. “कुठं जातंय? येकदा बोट कापलं की समदे विकतच घेत्यात.”

त्यांच्या घरी भिंतीवर केतय्यांची तसबीर आहे. १२व्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले हे शरण (शिवभक्त संत), त्यांचाही उद्योग बांबूचाच. तसबिरीखाली पीएम विश्वकर्मा योजनेचे कागद होते. त्या योजनेच्या १८ व्यवसायांत टोपल्या, चटया, झाडू करणारेही आहेत. प्रशिक्षणाला बसलं की दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. म्हणजे मावशी शिकायला बसल्या तर सरकार त्यांना पैसे देणार, आणि त्यांच्याकडून शिकायला मी दुकानाला पैसे देणार. त्यातले त्यांच्या हातात किती पडले, ते मी विचारलं. आकडा इथे लिहीत नाही, पण तो ऐकल्यावर दुकानाचा एक ताराही काढून घेतला.

बांबू त्यांना पेठ-सुरगाण्याकडून येतो. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘झाड’ राहिला नाही, तोडीच्या आणि वाहतुकीच्या परवान्याची कटकट कमी झाली. भाव मात्र उतरला नाही, असं मावशींचं म्हणणं. द्राक्ष-टोमॅटोवाले तर कधीच प्लॅस्टिकच्या कॅरेटवर गेलेत.

तेव्हा शिकायचं असेल तर दुकानाला वगळा, थेट कारागिराकडे जा आणि पैसे त्यांच्याच हातात द्या. टोपली घेताना उलटी करून बूड बघा. सालीकडच्या पट्ट्या दिसल्या नाहीत तर तिथेच ठेवा. आणि लग्नसराईच्या आधी जा. वैशाखात सुपं-दुरड्या लग्नघरी जातात, तेव्हा शिकवायला कोणाला वेळ नसतो आणि भावही सुटत नाही. मी सुपाचे वीस रुपये कमी करायला सांगून पाहिलं. मावशींनी सूप परत ढिगावर ठेवलं, मग मी मुकाट्याने पूर्ण पैसे दिले.