गावाचा अभ्यास गावाने करावा की संस्थेला सोपवावा?

दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावात ग्रामसंघापुढे, म्हणजे बचतगटांच्या गावातल्या संघापुढे, दोन कागद आले होते. एक शहरातल्या संशोधन संस्थेचा होता: तुमच्या गावच्या पाण्याचा आणि आरोग्याचा अभ्यास आम्ही करतो, माणसे आमची, यंत्रे आमची, खर्चही आमचा. दुसरा गावातल्याच पाच बायांचा. त्यांना एक साधा स्मार्टफोन, पाण्यातले क्षार मोजायचे टीडीएस मीटर आणि दोन जाड वह्या हव्या होत्या. मला सल्ल्याला बोलावले होते. त्या दिवशी बोललो ते घाईत बोललो. इथे नीट मांडतो, कारण असाच पेच तुमच्या ग्रामसभेपुढेही कधी ना कधी येणार आहे.

निवड करण्याआधी एकच गोष्ट ठरवा: हा आकडा कोणाला पटायला हवा? ग्रामपंचायतीला, तालुक्याच्या साहेबाला की थेट मुंबई-दिल्लीला? दोन्ही रस्त्यांतला खरा फरक इथे आहे. बाकी ॲप कोणते आणि मशीन कोणते हे नंतर बघता येते.

संस्थेबरोबर गेलात तर

या रस्त्याचे सर्वात मोठे उदाहरण आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने बालमृत्यूंवर काम सुरू केले तेव्हा न्यूमोनिया ओळखायचा कसा हा प्रश्न होता. बाळाचे श्वास मिनिटभर मोजायचे, पण गावातल्या दाईला मोठे आकडे येत नसत. त्यांनी एक मिनिटाची वाळूची घडी आणि मणी असलेले साधन बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत मणी संपले तर बाळाला धाप आहे, औषध सुरू करायचे. बॅटरी नाही, रेंज नाही. तंत्रज्ञान म्हटले की मला आधी ती मण्यांची पट्टी आठवते.

पुढे १९९३ पासून नोंदी सुरू झाल्या, १९९५ पासून ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली आणि शेजारच्या ४७ गावांशी त्याची तुलना केली. या तुलनेतच सगळी ताकद होती. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हा आकडा कोणाला झटकून टाकता आला नाही. २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशाताईंच्या कामात देशभर आणली. आज तुमच्या गावची आशा बाळंतपणानंतर तराजू आणि थर्मामीटर घेऊन घरी येते, त्यामागे गडचिरोलीतल्या त्या गावांचा हिशोब आहे.

म्हणजे देशाचे धोरण हलवायचे असेल, तर तुलनेची गावे, वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने केलेल्या नोंदी आणि बाहेरच्या तज्ज्ञांची तपासणी लागते. हे गावाला एकट्याने झेपत नाही, संस्था लागतेच.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. १९९३ ते २०११ म्हणजे अठरा वर्षे. तुमच्या विहिरीचा प्रश्न अठरा वर्षे थांबणार आहे का? आणि दुसरे असे की बंग दांपत्य तिथेच राहत होते. आठवडाभरासाठी गाडी करून येणाऱ्या संस्थेची तुलना त्यांच्याशी होत नाही.

ही दुसरी तऱ्हा मी जवळून पाहिली आहे. आमच्या भागात एका संस्थेची पोरे टॅबलेट घेऊन आली. प्रत्येक घरी पाऊण तास बसली. जमीन किती, कर्ज किती, संडास आहे का, घरात दारू कोण पितो, सगळे विचारले. लोकांनी चहा पाजला आणि खरे सांगितले. पुढे जिल्हा वार्षिक योजनेत मागणी टाकायची वेळ आली तेव्हा मी त्यांच्याकडे आमच्याच गावची माहिती मागितली. उत्तर आले की ती गोपनीय आहे, अहवाल छापल्यावर पाठवू. अहवाल इंग्रजीत आला, दीड वर्षाने, आणि त्यात गावाचे नाव नव्हते. माझ्या मनातून ते अजून जात नाही. ज्या म्हातारीने सुनेच्या बाळंतपणाची सगळी हकीकत सांगितली होती, तिने मला दोनदा विचारले, "त्या लेकरायनं लिहून नेलं होतं, त्याचं काय झालं?"

गावाने स्वतः केले तर

इथे मेंढा-लेखाचे नाव घ्यावेच लागते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाने ग्रामसभेबरोबर अभ्यासगट चालवला. एखादा विषय घेऊन बसायचे, माहीतगाराला बोलवायचे, पण निर्णय ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होते. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज, म्हणजे ग्रामसभेच्या हक्काचे, आहे असे कायद्यात लिहिले होते, तरी वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. त्यासाठी गाव भांडले. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. एका गावाने केलेल्या अभ्यासामुळे देशातल्या इतर ग्रामसभांचीही वाट मोकळी झाली.

वनहक्काच्या दाव्यात यंत्र आणि माणूस कसे जुळतात, हे बघण्यासारखे आहे. फोनमध्ये जीपीएस सुरू करून पोरे शिवेवरून चालतात आणि त्यांच्या पुढे एक म्हातारा चालतो. सागाच्या दाट छत्राखाली फोनवरचा ठिपका इकडेतिकडे नाचतो. मग थांबायचे, तो स्थिर होऊ द्यायचा आणि मगच नोंद करायची. पण थांबायचे कुठे हे म्हाताराच सांगतो: या मोहाच्या झाडापर्यंत आमचे, नाल्यापलीकडे त्यांचे. नियमांनाही हेच मान्य आहे. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब आणि निस्तार पत्रक (गावाच्या वापरहक्कांची जुनी सरकारी नोंद) पुरावा म्हणून चालतात. २०१२ च्या सुधारित नियमांत तर स्पष्ट म्हटले आहे की उपग्रहाचे चित्र पुराव्याला जोड म्हणून वापरायचे, इतर पुराव्यांच्या जागी नाही. साहेब नकाशा पुढे करून दावा फेटाळत असेल, तर हा नियम छापून सोबत ठेवा.

आता त्या पाच बायांकडे येतो. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यायची तरतूदच आहे. या पाचजणींना ते मिळाले होते, पण तपासणीची पेटी पंचायतीच्या कपाटात पडून होती. त्यांनी आधी प्रश्न लिहिले. पहिला प्रश्न सरकारी छापाचा होता: नळाला पाणी येते का? होय की नाही. तेव्हा एक बाई म्हणाली, "माय, नळ येते असं नको लिहू. रातच्याले दोन वाजता येते, असं लिह." मग रकाने बदलले: किती वाजता आला, किती गुंड भरले, पाणी भरायला कोण उठले. शेवटच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे सुनांची आणि शाळकरी पोरींची नावे आली. बाहेरच्या माणसाला हा प्रश्न सुचला नसता. संस्थेच्या अर्जात तो कुठेही नव्हता.

पण या रस्त्यालाही उणिवा आहेत, आणि त्या झाकून सल्ला देणे बरोबर नाही.

टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळते. पाणी खारे आहे हे ते दाखवते: भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. फ्लोराईड मात्र त्याला कळत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे हाच धोका मोठा आहे. फ्लोराईडची मर्यादा लिटरला एक मिलिग्रॅमची आणि नाइलाजाने दीडची. मीटर कमी आकडा दाखवते म्हणून पाणी निर्धोक समजलात, तर पोरांचे दात पिवळे पडेपर्यंत पत्ता लागणार नाही. गावातली पेटी संशय दाखवते, सही मात्र प्रयोगशाळेच्या कागदावर होते. तेव्हा संशयाच्या प्रत्येक स्रोताचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या आणि पोच घ्या.

दुसरी उणीव जास्त बोचणारी आहे. गाव मोजणी करते तेव्हा गावाचेच डोळे वापरते. त्या बायांच्या यादीत गावाबाहेरचा पारधी बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती, नव्हता. मुद्दाम वगळला असे नाही, कोणाच्या मनातच आला नाही. तिथे नळ नाही, म्हणून नळाच्या यादीत घरे नाहीत. आमच्याकडे आलेल्या संस्थेच्या पोरांनी निदान अशी घरे मोजली होती. बाहेरच्या माणसाचा एवढा उपयोग नक्की आहे. दुसऱ्या फेरीला बेड्यावरचीच एक मुलगी सोबत घेतली, तेव्हा यादी पूर्ण झाली.

तिसरा रस्ता: सरकारचीच माहिती

हा स्वतंत्र रस्ता नाही, दोन्हींच्या आधी करायचे काम आहे. दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जावर तीस दिवसांत मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंद), नळयोजनेचा आराखडा आणि जुने पाणी तपासणी अहवाल मागता येतात. सरकारी कागद म्हणतो रोज पाणी. तुमची वही म्हणते चौथ्या दिवशी, रात्री दोनला. असे दोन कागद शेजारी ठेवले की साहेबाला बोलावेच लागते. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचे साधन बनवले. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिकांना किती लागतो, हे त्यातून निघते. तुमचे गाव त्यात असेल तर तो ताळेबंद मागून घ्या आणि आपल्या विहिरींशी ताडून पाहा.

मग काय निवडायचे?

नळ, रस्ता, रेशन, मजुरीची थकबाकी, वनहक्क: हे स्वतः करा. निर्णय तालुक्या-जिल्ह्यात होतो आणि तिथे तारीख, सही आणि ग्रामसभेचा ठराव असलेला साधा तक्ता चालतो. २ ऑक्टोबरच्या सुमारास गावाच्या विकास आराखड्याची मोहीम सुरू होते. म्हणून मोजणी पोळ्याच्या आधी संपायला हवी, कारण नंतर सोयाबीन-कपाशीच्या कामात कोणी भेटत नाही.

आजाराचे कारण शोधायचे असेल, तर संस्था घ्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कोणते औषध, कशात मिसळले, किती तास फवारले, याचा शरीरावरच्या परिणामाशी संबंध जोडणे डॉक्टरांचे आणि शास्त्रज्ञांचे काम आहे. तरी फवारणीची वही त्या-त्या दिवशी गावातच लिहिली गेली पाहिजे. ती नसेल तर शास्त्रज्ञ तरी कशावर काम करणार?

दर्यापूरकडच्या त्या ग्रामसंघाला मी सांगितले ते असे: आधी सहा महिने बायांची वही चालू द्या. संस्थेला नकार देऊ नका, थांबायला सांगा. वही हातात असली की संस्थेशी बोलायला तुमच्याकडे तुमचा प्रश्न असेल, नुसते दाखवायला घर नसेल.

आणि संस्थेला होकार द्याल तेव्हा ग्रामसभेच्या ठरावात अटी लिहून घ्या. प्रश्नावली आधी मराठीत वाचून दाखवायची. मेळघाटात असाल तर कोरकूतही. आमच्या गावची माहिती महिनाभरात आम्हाला परत द्यायची. निष्कर्ष छापायच्या आधी ग्रामसभेत सांगायचे. माहिती गोळा करणाऱ्या गावच्या पोरींना रोजमजुरी द्यायची. घरोघरची नावे, आजार आणि कर्ज बाहेर जाऊ द्यायचे नाही. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. या अटींवर जी संस्था कुरकुरेल, तिला चहा पाजून निरोप द्या.

स्वतः करणार असाल तर ॲप असे घ्या की ते रेंजशिवाय चालेल. कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके चालते, अर्ज मराठीत बनवता येतो. गूगल फॉर्मला नेट लागते, शेतात तो अडतो. पण पहिला महिना फोन बाजूला ठेवून वहीतच लिहा. कोणते रकाने लागतात हे महिन्याभरात आपोआप कळते. फोनचा पासवर्ड दोघींना माहीत असू द्या, एकीचे लग्न होऊन ती गावाबाहेर गेली तरी नोंदी गावात राहतील.