नैसर्गिक प्रकाश आणि ऊर्जेच्या विश्लेषणासाठी रेव्हिट, राइनो-लेडीबग की डिझाइनबिल्डर?

इमारतीच्या आराखड्यातला नैसर्गिक प्रकाश आणि ऊर्जावापर बाहेरच्या सल्लागाराकडून तपासून घेण्याऐवजी स्वतःच्या कार्यालयात तपासावा, असे ठरवणाऱ्या वास्तुविशारदांपुढे सध्या प्रामुख्याने तीन मार्ग असतात. पहिला मार्ग रेव्हिट या इमारतीचे मॉडेल व नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्येच राहून ऑटोडेस्कच्या इनसाइट या विश्लेषण-साधनाचा वापर करण्याचा. दुसरा राइनो हे त्रिमितीय मॉडेलचे सॉफ्टवेअर घेऊन त्यातल्या ग्रासहॉपर या आज्ञांचे ठोकळे जोडण्याच्या पटावर लेडीबग (हवामान व ऊन) आणि हनीबी (प्रकाश व ऊर्जा) ही साधने चालवण्याचा, आणि तिसरा डिझाइनबिल्डर हे ऊर्जा-विश्लेषणाचे स्वतंत्र सॉफ्टवेअर घेण्याचा. याखेरीज आयईएस व्हीई, ईक्वेस्ट अशी इतरही साधने आहेत, परंतु महाराष्ट्रात शाळा, महाविद्यालये आणि मध्यम आकाराच्या कार्यालयीन इमारती करणाऱ्या छोट्या कार्यालयाची निवड बहुधा या तिघांतच होते, म्हणून हा आढावा तेवढ्यापुरता आहे.

तुलना सुरू करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असावी. प्रकाशाच्या गणितासाठी रेडियन्स आणि ऊर्जेच्या गणितासाठी एनर्जीप्लस या दोन मोफत, मुक्त स्रोत असलेल्या गणनयंत्रणांवर यांतला बहुतेक व्यवहार चालतो. ग्रेग वॉर्ड यांनी अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात रेडियन्सची उभारणी केली, तर एनर्जीप्लस अमेरिकी ऊर्जा विभागाच्या निधीतून तयार होऊन २००१ मध्ये खुले झाले. हनीबी आणि डिझाइनबिल्डर ही दोन्ही साधने या दोन्हींचा आधार घेतात. त्यामुळे ‘आमचे सॉफ्टवेअर अधिक अचूक’ या विक्रेत्याच्या वाक्यावर निवड करण्यात अर्थ नाही. मॉडेल आत कसे जाते, गृहीतके किती उघडी दिसतात आणि प्रकाशाचे उत्तर ऊर्जेच्या गणितात कसे शिरते, हे पाहून निवड करावी.

उत्तर कोणत्या मापात हवे, हेही आधी ठरलेले बरे. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या (ईसीबीसी; पुढे नुसती ‘संहिता’) २०१७ च्या आवृत्तीनुसार कार्यालयीन आणि शैक्षणिक इमारतींत किमान ४० टक्के क्षेत्रावर, दिवसाउजेडाच्या ९० टक्के वेळेत, १०० ते २००० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) एवढा प्रकाश मिळावा लागतो. लीड या हरित इमारतींच्या प्रमाणपत्राच्या चौथ्या आवृत्तीतली मोजणी वेगळी आहे: वर्षभरातल्या वापराच्या निम्म्या वेळेत किमान ३०० लक्स मिळणारे क्षेत्र किती, आणि २५० तासांहून अधिक काळ १००० लक्सहून जास्त थेट ऊन पडणारे क्षेत्र किती, हे त्यात स्वतंत्रपणे पाहिले जाते. संहितेच्या मापात वरची मर्यादा अंगभूत असल्यामुळे नुसती काच वाढवून ते साधत नाही. खिडकीजवळचा पट्टा दहा टक्क्यांहून अधिक वेळ २००० लक्सच्या वर गेला की तो हिशेबातून बाद होतो. म्हणून एखाद्या दिवशी दुपारी बारा वाजताचे रंगीत चित्र देणारे साधन पुरेसे ठरत नाही. प्रत्येक बिंदूची वर्षभराची, तासातासाची आकडेवारी हाती येणे आवश्यक आहे.

रेव्हिट आणि इनसाइट या जोडीचा फायदा उघड आहे. बांधकामाचे नकाशे ज्या मॉडेलमधून निघतात त्याच मॉडेलपासून ऊर्जेचे मॉडेल तयार होते, आणि खिडकीचे प्रमाण, काचेचा प्रकार किंवा इमारतीची दिशा बदलल्यास वार्षिक ऊर्जावापर कोणत्या बाजूला सरकेल, हे लवकर कळते. प्राथमिक आराखड्याच्या बैठकीत ग्राहकाला दिशा दाखवण्यासाठी हे उत्तम आहे. मात्र रेव्हिटचे मॉडेल बांधकामासाठी तपशीलवार होत जाते तसतसे ते विश्लेषणासाठी गैरसोयीचे होत जाते: भिंत आणि स्लॅब यांमधल्या फटींमुळे खोल्या बंदिस्त ठरत नाहीत, खांबांमुळे अनावश्यक पृष्ठभाग तयार होतात, आणि नकाशावर धरलेली उत्तर दिशा व खरी उत्तर दिशा यांतला फरक नीट नोंदवला नसेल तर सगळेच निकाल फिरतात. शिवाय गृहीतके मेनूंच्या आत दडलेली राहतात. भिंत, छत आणि जमीन यांचे परावर्तन किती धरले आहे हे शोधून पाहावे लागते, आणि ते न पाहता मिळालेल्या प्रकाशाच्या आकड्यावर मी विसंबणार नाही.

राइनो-लेडीबगचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. इथे काहीच आपोआप होत नाही. खोली, काच, छज्जा, समोरची इमारत, मोजणीच्या जाळीची उंची, प्रकाशकिरणांची किती परावर्तने मोजायची, हे सारे ग्रासहॉपरच्या पटावर स्वतः जोडावे लागते. सुरुवातीला हा व्याप वाटतो, परंतु त्यातूनच विश्लेषण करणाऱ्याला विषय कळतो. एकदा जोडणी झाली की छज्ज्याची खोली ४५० मिलिमीटरपासून १२०० पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलून प्रत्येक टप्प्याचे उत्तर एकाच बैठकीत काढता येते, आणि आराखडा ठरण्याआधीच्या काळात या सोयीला तोड नाही. लेडीबगची साधने मोफत आहेत. राइनोचा परवाना एकदाच विकत घ्यावा लागतो, त्याला वार्षिक वर्गणी नाही. ज्यांना जोडण्या करत बसायचे नाही, त्यांच्यासाठी राइनोमध्येच चालणारे क्लायमेटस्टुडिओ हे सशुल्क साधन आहे. त्यातही रेडियन्स आणि एनर्जीप्लसच वापरले जातात, आणि प्रकाशाची वार्षिक गणना त्यात फार वेगाने होते. या मार्गाची खरी अडचण माणसांची आहे. जोडणी करणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली की मागे राहिलेली ग्रासहॉपरची फाइल दुसऱ्याला उलगडत नाही, म्हणून नोंदी ठेवण्याची शिस्त नसलेल्या कार्यालयाने हा मार्ग घेऊ नये.

डिझाइनबिल्डर ऊर्जेच्या बाजूने सर्वांत भक्कम आहे. वातानुकूलन यंत्रणेची सविस्तर मांडणी, माणसांच्या व उपकरणांच्या वापराची वेळापत्रके, नैसर्गिक वायुवीजन हे सारे एनर्जीप्लसच्या मजकुराच्या फाइलला हात न लावता करता येते. संहितेच्या संपूर्ण-इमारत पद्धतीने प्रस्तावित इमारतीची तुलना प्रमाण इमारतीशी (संहितेच्या किमान अटी पाळणाऱ्या त्याच इमारतीच्या मॉडेलशी) करायची असेल, तर हेच साधन सोयीचे. भूमितीच्या बाबतीत मात्र ते ताठर आहे. वक्र दर्शनी भाग किंवा जाळीदार आवरण त्यात नीट बसवणे त्रासाचे होते.

तिन्हींची खरी परीक्षा प्रकाश आणि ऊर्जा जिथे भेटतात तिथे होते. खिडकीतून पुरेसा उजेड आला की दिवे मंद होतात, दिव्यांची वीज वाचते आणि त्यांची उष्णताही कमी होते. पण त्याच खिडकीतून उन्हाची उष्णता आत येऊन वातानुकूलनाचा भार वाढतो. एनर्जीप्लसची स्वतःची नेहमीची प्रकाशगणना खोलीतल्या ठरावीक संवेदक-बिंदूंपुरती असते आणि परावर्तित उजेड ती सरासरीने वाटते, त्यामुळे खोलीच्या आतल्या बाजूला ती वास्तवाहून अधिक उजेड दाखवते. डिझाइनबिल्डरमध्ये प्रकाशाचे अहवाल रेडियन्सचे असतात आणि दिवे मंद करण्याचा हिशेब एनर्जीप्लसचा असतो. एकाच इमारतीची ही दोन उत्तरे जुळतीलच असे नाही. हनीबीमध्ये रेडियन्सच्या तासातासाच्या आकड्यांवरून दिव्यांचे वेळापत्रक बनवून ते ऊर्जेच्या मॉडेलला देता येते, आणि खोल कार्यालयांसाठी मला हा फरक निर्णायक वाटतो. २०१७ च्या संहितेने कार्यालयांना दिव्यांसाठी दर चौरस मीटरला ९.५ वॉटची मर्यादा घातली आहे आणि एलईडीमुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी लागते. वाचवण्याजोगी वीज एवढी घटल्यावर फुगलेल्या प्रकाशबचतीच्या भरवशावर मोठी काच मंजूर करणे महागात पडते.

आपल्या अक्षांशावरच्या काही गोष्टी कोणतेही सॉफ्टवेअर स्वतःहून सांगत नाही. मुंबई साधारण १९ अंश उत्तरेला असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर या काळात तो पूर्वेच्या उत्तरेला उगवतो. उत्तरेकडच्या काचेला सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन लागते, आणि ते आडव्या छज्ज्याने अडत नाही. त्यासाठी उभ्या पट्ट्या लागतात. लेडीबगमधला सूर्यमार्ग हे लगेच दाखवतो. वातानुकूलन नसलेल्या शाळांसाठी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात विकसित झालेले भारतीय अनुकूलन-सौख्याचे प्रमाण (बाहेरच्या हवेला सरावलेल्या माणसांना आत किती तापमान सुखद वाटते, याचे मानक) वापरावे. त्यात बाहेरच्या गेल्या तीस दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणून १२.८३ मिळवले की आतले सुखद तापमान मिळते. हे सूत्र हनीबीच्या निकालांवर स्वतः लावता येते, तर इनसाइटच्या चौकटीत ते बसवायला जागा नाही.

माझे मत असे: ज्या कार्यालयात सगळे काम रेव्हिटमध्ये चालते आणि प्रमाणपत्राचे काम सल्लागारच करणार आहेत, त्यांनी इनसाइटवर थांबावे आणि त्याचे आकडे तुलनेपुरतेच वापरावेत. ज्यांना संहितेचे किंवा हरित प्रमाणपत्राचे ऊर्जा-अहवाल नियमित द्यायचे आहेत, त्यांनी डिझाइनबिल्डर घ्यावे. आराखडा घडत असताना खिडकी, छज्जा आणि काच यांवर निर्णय घ्यायचा असेल, आणि त्यासाठी दोन व्यक्तींना काही महिने शिकू देण्याची तयारी असेल, तर राइनो-लेडीबग ही निःसंशय सर्वोत्तम निवड आहे. राइनो ९० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. त्या मुदतीत आपल्याच एखाद्या बांधून झालेल्या वर्गखोलीचे मॉडेल करावे, छताचे परावर्तन ७० टक्के, भिंतींचे ५० आणि जमिनीचे २० धरावे, आणि ढगाळ दिवशी लक्समीटरने खिडकीपासून दर मीटरवर, त्याच वेळी बाहेर उघड्यावरही, मोजणी करून आत-बाहेरचे प्रमाण मॉडेलशी ताडून पाहावे.