घरात कोणी गेलं की कामाला काय येतं, कादंबरी की माहिती?

बाबा गेले तेव्हा आधी माहितीच लागली, मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा, दाखल्याच्या जास्तीच्या प्रती घेऊन ठेवा, बँकेत नॉमिनी कोण ते बघा, हे कुठलीच कादंबरी सांगत नाही. पण रात्री दोनला झोप उडते तेव्हा ती यादी काय करणार? मला आठवली ती भालचंद्र नेमाडेंची १९६३ ची कादंबरी 'कोसला', त्यात नायक पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि त्याचं दुःख रागासारखं बाहेर पडतं, मलाही तेव्हा घरातल्या सगळ्यांचा भयंकर राग येत होता आणि लाजही वाटत होती, भेटायला येणाऱ्यांना हे सांगणार कसं. धक्का बसायचा तो बसलाच, पण तो राग निदान ओळखीचा वाटला. मला कादंबरीच जास्त पुरली, कागदपत्रं काय, मामाने सोबत येऊन करून दिली.