हॅलोविनची रात्र: सिंगापूर, खोपोली, मैदानातला भूतबंगला की सोसायटीचं क्लबहाऊस?

गणपती गेले की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत हा विषय निघतोच. ऑक्टोबरअखेरीस मुलांना भुताखेतांच्या रात्रीला कुठं न्यायचं? यंदा चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला जिन्यातच गाठलं. त्यांची थोरली अकरावीत, धाकटा सातवीत, आणि सासूबाई म्हणतात मीही येणार. भावोजींच्या मनात एकदाच काय ते सिंगापूर करून टाकायचं आहे. थोरलीला खोपोलीचं इमॅजिका हे राइड्सचं पार्क हवंय, धाकट्याला मैदानात लागणारा भूतबंगला. कमिटीने क्लबहाऊस द्यायची तयारीही दाखवलीय. या चारही ठिकाणी मी जाऊन आले आहे. जिन्यात सांगितलं ते फारच तुटक झालं, म्हणून नीट लिहून काढते.

आधी तारखा. २०२६ मध्ये ३१ ऑक्टोबर शनिवारी येतो आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे फराळाची धांदल ऐन भरात येण्याआधी हे उरकता येतं. २०२४ मध्ये हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आली होती. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला उठलेली मुलं रात्री भुतं बघायला जाईपर्यंत पेंगुळली होती.

तिकिटाची किंमत विचारण्याआधी मी सगळीकडे एकच गोष्ट विचारते: एका खेपेला आत किती जणांना सोडता?

हे मला कळलं ते नवी मुंबईतल्या एका मैदानावर. सुट्टीचा दिवस होता, गर्दी तुफान. आम्हा चौदा जणांना एकदम आत ढकललं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. मी शेवटून दुसरी. पुढे कवटी उघडली, पुढचे तिघे किंचाळले. माझी पाळी येईपर्यंत ते भूत पडद्यामागे आपल्या जागेवर परत निघालं होतं. शेवटपर्यंत मी फक्त पुढच्यांची दचकलेली डोकी पाहिली. भाची सगळ्यात पुढे होती, ती थरथरत बाहेर आली. तिकीट दोघींचं सारखंच होतं.

माझं आजोळ शिरोड्याच्या बाजूचं. जवळच आरवलीचा ग्रामदेव वेतोबा. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. त्या घालून तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, असं आजी सांगायची. वीज गेलेली असायची, ओटीवर आम्ही चार पोरं आणि एक कंदील. नंतर परसात जायचं झालं तर पाचावर धारण बसायची. तिथं चाळीस पोरं असती तर त्याच गोष्टीवर हशा पिकला असता, याची मला खात्री आहे.

आता सिंगापूर. भावोजींची हौस मला पूर्ण समजते, कारण असल्या रात्रीचं भव्य रूप बघायचं तर आपल्याला जवळचं ठिकाण तेच. याचं मूळ अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणुकीच्या पार्कने १९७३ मध्ये हॅलोविनच्या रात्री पार्क भुतांच्या ताब्यात द्यायला सुरुवात केली. सिनेमांवर बेतलेली पार्क चालवणाऱ्या युनिव्हर्सलने १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत तीन रात्रींचा प्रयोग केला, तेव्हा भूतघर एकच होतं आणि नाव होतं फ्राइट नाइट्स. पुढच्या वर्षीपासून ते हॅलोविन हॉरर नाइट्स झालं. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये हे २०११ मध्ये आलं, कोविडमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं झालं नाही, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं.

मी गेले ती २०१८ मध्ये, नणंदेबरोबर. त्या वर्षी एक भूतघर पोंतियानाकचं होतं. पोंतियानाक म्हणजे मलाय लोकांच्या गोष्टींतलं बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत. ती केळीच्या झाडात राहते आणि जवळ आली की चाफ्याचा वास येतो, अशी तिकडची समजूत. मी रांगेत उभी होते आणि मला आठवली आजीची अळवंतीण! तीही बाळंतपणात गेलेलीच. समुद्रापलीकडच्या माणसांनी हेच दुःख याच आकारात भुतात घातलेलं बघून माझ्या अंगावर काटा आला तो आत शिरण्याआधीच. सिंगापूरवाले भोपळ्यांवर न थांबता आपल्या मातीतली भुतं आणतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तिथली मांडणी दोन प्रकारची असते. भूतघरं म्हणजे बंदिस्त वाट, तिच्यातून चालत जायचं. आणि मोकळ्या रस्त्यावरचे भीतीचे पट्टे, तिथं धुरातून नट अंगावर येतात पण स्पर्श करत नाहीत. भूतघरातली कारागिरी बघण्यासारखी असते. डावीकडे काहीतरी लुकलुकतं, आपली मान तिकडे वळते आणि उजवीकडची फळी धाडकन उघडते. मागून येणारेही कोरडे राहू नयेत म्हणून एकाच वाटेवर अनेक नट पेरलेले असतात, आणि ते काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा बाहेर येतात. एवढं करूनही माणसांची ओळ सलगच चालते. मोठ्या पार्कला हजारो लोक एका रात्रीत काढायचे असतात, त्यामुळे माझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंही मनासारखं मिळत नाही. पुढच्या माणसाशी चार पावलांचं अंतर ठेवून चालणं एवढंच आपल्या हातात.

खर्चाचं बोलायचं तर दिवसाच्या तिकिटावर ही रात्र मिळत नाही, तिला वेगळं तिकीट लागतं. गर्दीच्या रात्री एकेका घराची रांग तासाच्याही पुढे जाते, ती टाळायचा एक्स्प्रेस पास आणखी वेगळा. शुक्रवार-शनिवार सोडून गेलं आणि दार उघडताच आत शिरलं तर पासाशिवायही बरंच पाहून होतं. त्यात भारतीयांना व्हिसा लागतो, मुंबईहून विमानाचे साडेपाच तास, आणि चौघापाच जणांचा हिशेब लाखांत जातो. पोशाख किंवा मुखवटा घालून जाता येत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. रात्रीचा उकाडा मात्र आपल्या ऑक्टोबरसारखाच, त्यामुळे सुती कपडे आणि चालायचे बूट.

वहिनींसाठी माझं उत्तर: यंदा नको. ऑर्लँडोतलं युनिव्हर्सल स्वतःच तेरा वर्षांखालच्या मुलांना ही रात्र सुचवत नाही. धाकटा सातवीत आहे, आणि तिथलं रक्तमांस खेळण्यातलं वाटत नाही. सासूबाईंना इतका वेळ उभं राहवणार नाही, शिवाय झपझप उघडझाप करणारे दिवे आणि कोंडलेला धूर. घरात कुणाला फेफरं किंवा दम्याचा त्रास असेल तर या दोन गोष्टींमुळे बेत रद्दच करावा. थोरली कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींबरोबर जाऊ दे, तेव्हा त्या पैशांचं सोनं होईल.

खोपोलीचं इमॅजिका २०१३ पासून आहे. ठाण्याहून किंवा वाशीहून गाडी काढली की सकाळी निघून रात्री घरी. हॅलोविनचे कार्यक्रम तिथं झालेले आहेत, पण यंदाच्या तारखा बुकिंगआधी पार्ककडूनच पक्क्या करून घ्या. सलीमगढ ही भुताच्या किल्ल्याची राइड आहे. मला तिची मजा वाटली, पण उन्हातून आत जायचं आणि पुन्हा उन्हात यायचं, त्यामुळे भीती अंगात मुरत नाही. तिथली खरी घाबरवणारी गोष्ट म्हणजे नायट्रो हा रोलर कोस्टर. पायाखाली फळी नसते, पाय अधांतरी लोंबकळतात आणि गाडी पाच वेळा उलटी फिरते. थोरलीला तेच हवं असेल तर इमॅजिकासारखं दुसरं ठिकाण जवळपास नाही. सासूबाईंना सावलीत बसता येतं, धाकट्याला उंचीच्या नियमात बसतील अशा राइड मिळतात. पूर्ण कुटुंबाची सहल म्हणून याला माझं मत आहे. भुताची रात्र म्हणून नाही.

मैदानातला किंवा मॉलमधला तात्पुरता भूतबंगला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बेभरवशाचा. एकीकडे तीन जणांची तुकडी करून सोडतात आणि बोबडी वळते, दुसरीकडे वर सांगितला तसा मेंढरांचा कळप. मॉलमध्ये आणखी एक अडचण. डोळ्यांना काळोखाची नीट सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. झगझगीत दिव्यांखालून थेट आत शिरलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी एकूण वाटच तेवढी असते! सजावटीवर केलेली मेहनत डोळ्यांना दिसतच नाही.

पण इथं मला तिकिटापेक्षा आगीची काळजी जास्त आहे. ११ मे १९८४ रोजी न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर पार्कच्या हॉन्टेड कॅसलला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं गेली. मालवाहू ट्रेलर जोडून ते भूतघर उभं केलं होतं, आत पेटणारा फोम होता, पाण्याचे फवारे नव्हते. भूतघराची वाट मुद्दाम चकवणारी असते, त्यामुळे धूर झाला की बाहेरचं दार सापडत नाही. त्या दुर्घटनेनंतर अमेरिकेत अशा जागांचे अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. म्हणून मैदानात तिकीट काढण्याआधी तंबूला एक फेरी मारा. मागे दुसरं दार आहे का, त्याच्यापुढे खुर्च्या किंवा जनरेटर लावलाय का, अग्निशामक नळकांडी दिसतात का, वायरी उघड्या कापडावरून गेल्यात का. दरवाज्यावरच्या पोराला विचारा, दिवे एकदम लावायचे झाले तर बटण कुणाकडे? त्याने खांदे उडवले तर धाकट्याला भेळ खायला घालून घरी आणा. मी दोनदा तसंच परत आणलंय भाचीला. ती रुसली, पण मी आत जाऊ दिलं नाही.

उरलं क्लबहाऊस. याच्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे.

आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी टेबल टेनिसच्या खोलीत भूतघर केलं. सुरुवातीला मुलांनी इंटरनेटवरून पाहून भोपळे, चेटकिणी आणि वेड्यांच्या इस्पितळाचा देखावा ठरवला होता. इस्पितळ मी हट्टाने काढायला लावलं. आजारी माणसाला भूत करून दाखवायचं नाही, एवढं मुलांना समजवायला वेळ लागला, पण समजलं. लिंबू, हळदकुंकू, बाहुल्याही ठेवल्या नाहीत. आजूबाजूच्या कुणाचं मन त्यात अडकलेलं असतं. मग प्रश्न आला, ठेवायचं काय? तेव्हा आपली भुतं बाहेर आली. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो पिंपळावरचा मुंजा. उलट्या पायांची हडळ. पाण्यातला गिऱ्हा. आणि वाटसरूला रात्रभर एकाच जागी फिरवणारा चकवा.

सगळ्यात भारी झाला चकवा, आणि त्यात एकही माणूस दडलेला नव्हता. मंडपवाल्याकडून काळे पडदे भाड्याने आणले, वाट दोनदा वळवली आणि तीन ठिकाणी हुबेहूब सारखा कोपरा केला: तोच स्टूल, त्यावर विझलेला कंदील, भिंतीवर तेच जुनं कॅलेंडर, महिनाही तोच. तिसऱ्यांदा ते कॅलेंडर दिसलं तेव्हा आठवीतला एक धिप्पाड मुलगा हळूच म्हणाला, "आपण पुढे जातोय ना?" त्याच्या तुकडीतल्या कुणीच उत्तर दिलं नाही. असा शांतपणा मला सिंगापूरलाही मिळाला नाही.

एका खेपेला चारच मुलं सोडायची, आधीची चार बाहेर आल्याशिवाय पुढची नाहीत. साठ मुलांना जवळपास अडीच तास लागले. थर्माकोल अजिबात वापरला नाही, मेणबत्तीऐवजी सेलवरचे दिवे, दोन्ही दारं मोकळी आणि प्रत्येक दाराशी टॉर्च घेतलेला एक मोठा माणूस. धुरासाठी कुणी ड्राय आइस सुचवलं तर सरळ नाही म्हणा, बंद खोलीत तो कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि लहान मुलांची उंची तेवढीच असते. खर्च प्रत्येक घरामागे एका सिनेमाच्या तिकिटाएवढासुद्धा आला नाही. कष्ट मात्र आहेत. तीन संध्याकाळी जातात, आणि दुसऱ्या दिवशी पडदे उतरवायला मुलं गायब असतात, तेव्हा मोठ्यांनी तयारी ठेवावी.

आम्ही एक चूक केली ती वहिनींनी टाळावी. थांबलेल्या मुलांना बाहेर पार्किंगच्या दिव्याखाली उभं केलं होतं. ती मोबाइल बघत राहिली आणि आत गेल्यावर आंधळी झाली. यंदा शेजारची योगाची खोली थांबायला घ्या, मोबाइल टोपलीत जमा करा आणि कोपऱ्यात एक मंद दिवा ठेवा. वीस मिनिटं तिथं बसवून मगच आत सोडायचं. त्या वेळात मुलांना गोष्ट सांगणारं कुणी हवं. वहिनी, तुमच्या सासूबाई राजापूरच्या. विहिरीवरच्या गिऱ्ह्याची त्यांची गोष्ट मी हळदीकुंकवाला ऐकलीय, घरी जाताना लिफ्टमध्ये एकटीने चढवेना. त्यांच्यासाठी तिथं पाठीला टेकू असलेली खुर्ची ठेवा आणि गोष्ट कुठे थांबवायची ते त्यांनाच ठरवू द्या.